जोडपानावर थरांचं काम : स्टेन्सिल कुठे मारायचा आणि कुठे पुसायचा

शाईवाली_टिळकवाडी

मंडळी, आर्ट जर्नलवर (कागद, रंग, चित्रं यांनी भरत जायची वही) इथे अधूनमधून लिहिलं जातं, पण बोलणं साहित्याच्या यादीवर येऊन थांबतं. कुठला रंग, कुठला ब्रश, कितीला मिळाला. मला थरांविषयी बोलायचंय, त्यातही स्टेन्सिलविषयी, म्हणजे नक्षीची भोकं कापलेल्या पत्र्याविषयी.

बहुतेक व्हिडिओंत स्टेन्सिल सगळ्यात शेवटी येतो. पान रंगवून झालं की वर छाप मारायचा, झालं. पान सजतं, पण खाली केलेलं सगळं काम त्या छापाखाली दबून जातं. माझ्या मते स्टेन्सिलचा खरा उपयोग मधल्या थरात आहे आणि तोही रंग काढण्यासाठी. वरचा रंग लावायचा, तो पुरता वाळायच्या आत स्टेन्सिल ठेवायचा आणि भोकांतून रंग पुसून घ्यायचा. खालचं पान तेवढ्याच आकारात वर येतं. रंग एकच, पण पानाला खोली येते.

सध्या करत असलेलं जोडपान (समोरासमोरची दोन पानं) सांगते. विषय आजोळचा पावसाळा, खानापूर तालुका.

सगळ्यात खाली कागद. घरी येणारं मराठी वर्तमानपत्र, शेजारच्या अक्कांकडचं कन्नड वर्तमानपत्र, कन्नड आकडे असलेली बसची तिकिटं, एक जुनी लग्नपत्रिका. दोन्ही लिप्या मुद्दाम घेतल्या. देवनागरीची शिरोरेषा पानाला आडवी ओढ देते, कन्नड अक्षरं गोलसर असल्याने ती ओढ सैल करतात. वर पातळ रंग आला की वाचता काही येत नाही, पण पानाच्या कुठल्या भागात कुठली लिपी आहे ते डोळ्याला कळतं. आपल्या गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या बघत वाढलेल्या माणसाला तर लगेच कळतं.

चिकटवायला दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी. पानाला लावायचं, तुकड्याच्या पाठीलाही लावायचं आणि मधून कडेकडे बोट फिरवून हवा काढायची. पानाच्या मागच्या बाजूलाही जेसोचा एक हात द्या, नाहीतर पान एका अंगाला वळतं आणि मग कितीही वजन ठेवलं तरी सरळ होत नाही.

त्यावर जेसो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ॲक्रिलिक बाइंडर, खडूची भुकटी आणि टायटॅनियम व्हाइट यांचा हा अस्तराचा रंग. खडूमुळे पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो आणि पुढचा रंग धरून ठेवतो. ब्रशने सगळीकडे सारखा लावू नका. जुन्या प्लॅस्टिक कार्डाने ओढा. उंच जागी पातळ बसतो, खोलगट जागी साठतो, अक्षरं कुठे दिसतात कुठे बुजतात.

मग पिवळा गेरू, पाणी घालून पातळ. तो पूर्ण वाळू द्यायचा आणि वर मॅट मीडियमचा (रंग न घातलेलं, चमक नसलेलं ॲक्रिलिक) एक पारदर्शक हात. हा हात चुकवू नका, पुढच्या पुसण्यात खालचा थर तोच वाचवतो. त्यावर निळा, पातळ. तळहाताएवढाच भाग घ्यायचा, कारण पातळ ॲक्रिलिक काही मिनिटांत बसतो. स्टेन्सिल दाबून धरायचा आणि घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने भोकांतून निळा उचलायचा. फडकं दर वेळी स्वच्छ भागावर फिरवा. निळा गेला की पिवळा दिसतो आणि त्याखाली छापील अक्षरं.

त्यानंतर टेक्श्चर पेस्ट (नक्षीला उठाव देणारा घट्ट लेप), मग शेवटचे गडद ठिपके आणि रेघा. त्याबद्दल प्रतिसादांत बोलू. तुम्ही कुठल्या थरात स्टेन्सिल वापरता आणि का, ते ऐकायचंय.

कशिदा_धारवाडरोड

फार दिवसांनी मनासारखा धागा. मी कसुतीवाली, म्हणजे धारवाडकडचं कसुती भरतकाम करणारी, कागदाकडे नंतर वळले. कसुतीचे नमुने स्टेन्सिलला घ्यायचे तर एक अडचण सगळ्यांना येते. गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, सगळे नमुने रेघांचे. रेघ सलग कापली की मधला तुकडा गळून पडतो. त्याला धरून ठेवायला मध्ये पूल ठेवावे लागतात आणि पूल कुठेही ठेवले की नमुना तुटका दिसतो.

यावर उत्तर टाक्यातच आहे. गवंती टाका दोन फेऱ्यांत भरतात. पहिल्या फेरीत एक टाका वर, एक खाली, म्हणजे तुटक रेघ. परतीच्या फेरीत मोकळ्या जागा भरल्या की रेघ सलग होते आणि कापड दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. आलेखाच्या कागदावर नमुना काढा आणि पहिल्या फेरीचे टाके तेवढे कापा. पूल आपोआप मिळतात, तेही नेमक्या जागी. पूर्ण रेघ हवी असेल तर दुसऱ्या फेरीचा वेगळा स्टेन्सिल कापायचा आणि पहिला वाळल्यावर त्यावर जुळवून ठेवायचा. जुळवणीसाठी दोन्ही पत्र्यांना कोपऱ्यात एकाच जागी दोन भोकं.

मी बहुतेक वेळा दुसरी फेरी गाळते. तुटक रेघेतून खालचा कागद दिसत राहतो, तुम्ही म्हणता तेच.

शाईवाली_टिळकवाडी

@कशिदा, अक्का, हे वाचून लगेच आलेखवही काढली! दोन स्टेन्सिलांत दोन वेगळे रंग घेतले तर? पहिली फेरी पेस्टने उठावाची आणि दुसरी सपाट रंगाची?

कशिदा_धारवाडरोड

चालेल की. फक्त क्रम उलटा करा. आधी सपाट रंग, मग पेस्ट. उठाव आधी आला तर दुसरा स्टेन्सिल पानावर सपाट बसणार नाही, कडेखालून रंग आत शिरेल.

नवशिकी_अनगोळ

माझा स्टेन्सिलखाली रंग हमखास पसरतो. आणि दुसरं म्हणजे पावसाळ्यात वही मिटून ठेवली की समोरासमोरची पानं एकमेकांना चिकटतात. सोडवताना रंगाचा पापुद्रा निघून येतो. काय करावं?

रंगभट्टी

@नवशिकी, रंग पसरतो तो ओलाव्यामुळे. स्टेन्सिलसाठी रंगात पाणी घालायचंच नाही. स्पंजवर थोडा रंग घ्या, आधी रद्दी कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि मग वरून उभा टिपत जा. ब्रश आडवा ओढला की केस कडेखाली घुसतात. एका दमात गडद करायचा हट्ट नको, दोन-तीनदा हलका टिपा.

पानं चिकटण्याचं कारण ॲक्रिलिकच आहे. ते वाळलं तरी प्लॅस्टिकची मऊ पातळ कातडीच असते. उष्णतेने आणि दाबाने दोन कातड्या एकमेकींना धरतात. चकचकीत मीडियम जास्त धरतं, मॅट कमी. म्हणून शेवटचा हात मॅटचा द्या, पान नीट वाळू द्या आणि दोन पानांमध्ये बटर पेपर ठेवा. तयार पानावर रंगहीन मेणाचा अगदी पातळ हात फिरवून मऊ फडक्याने घासलं तरी चालतं, मात्र त्यानंतर त्या पानावर दुसरा रंग बसत नाही. काम पूर्ण झालेल्या पानांवरच करा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवा एवढी ओली असते की वरून कोरडं वाटलेलं पान आतून ओलंच असतं. जाड पेस्टचं पान तर दुसऱ्या दिवशीही मिटू नका.

शाईवाली_टिळकवाडी

यात भर. ड्रायर वापरणार असाल तर लांबून आणि कमी गरम. जाड थरावर जवळून गरम हवा मारली की वरची साय आधी बसते आणि आतल्या वाफेने फोड येतात.

खानापूरचा_रानवाटा

आजोळचं पान आणि रंग दुकानातला, हे काही पटलं नाही बघा ताई! आमच्या खानापुरात मातीच मागा. कुंभारकामासाठी गाव ओळखलं जातं, कौलं-विटा इथल्याच. तांबडी माती म्हणजे लोखंडाचा गंज, उन्हात उडत नाही.

रंग करायचा तो असा. माती वाळवून कुटायची, चाळायची, बादलीभर पाण्यात ढवळायची. थोडं थांबलं की वाळू-खडा तळाला बसतो. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात हलकेच ओतायचं. पुन्हा ढवळायचं, पुन्हा ओतायचं. शेवटचं पाणी रात्रभर ठेवलं की तळाशी लोण्यासारखा गाळ बसतो. वरचं नितळ पाणी काढून टाका आणि गाळ ताटात वाळवा. बोटात चोळला तर कणी लागता कामा नये. कणी लागली तर अजून एकदा निवळा.

पानावर लावायचा तर खायच्या डिंकाच्या पाण्यात कालवा किंवा मॅट मीडियममध्ये. जांबोटीकडची माती वेगळ्या छटेची, नंदगडची वेगळी. दोन-चार ठिकाणची घेतलीत तर रंगांची पेटीच तयार होते.

शाईवाली_टिळकवाडी

@रानवाटा, दादा, होय की! पिवळ्या गेरूच्या जागी हीच तांबडी माती घेते. निळा पुसला की खालून ती दिसेल. डिंक की मीडियम?

खानापूरचा_रानवाटा

तुमच्या कामाला मीडियम. डिंक पाणी लागलं की पुन्हा सुटतो, तुम्ही तर वर ओलं फडकं फिरवणार.

जुनी_चोपडी

मला एक गोष्ट मनापासून खटकते, ती लिहितो. खालच्या थरात लोक घरातली जुनी पत्रं, आजोबांच्या हिशेबाच्या वह्या, जमिनीचे कागद फाडून लावतात आणि वर जेसो ओढतात. सीमाभागात आपल्या घरांतले कागद नुसते कागद नाहीत. मोडी, मराठी, कन्नड, इंग्रजी, एकाच घराच्या ट्रंकेत चारही सापडतात. १९५६ साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, त्याच्या आधीचे नि नंतरचे कागद शेजारी ठेवून पाहा. शिक्का बदलतो, भाषा बदलते, माणसाचं नाव लिहायची पद्धत बदलते. असा कागद फेविकॉलखाली गेला की गेला. कृपा करून मूळ कागद वापरू नका.

शाईवाली_टिळकवाडी

@जुनी चोपडी, काका, शंभर टक्के सहमत. माझ्या पानातली लग्नपत्रिका घरात जास्तीच्या पडल्या होत्या त्यातली आहे, पण तुमचा मुद्दा त्याहून मोठा आहे. मूळ कागद स्कॅन करावा आणि झेरॉक्स लावावी. झेरॉक्स टोनरची हवी. टोनर म्हणजे वितळून कागदावर बसलेलं प्लॅस्टिक, पाण्याने हलत नाही. इंकजेटची शाई ओल्या फेविकॉलमध्ये लगेच पसरते. झेरॉक्सचा आणखी एक फायदा म्हणजे अक्षर मोठं करता येतं. मोडीची एक ओळ मोठी करून आडवी लावली तर ती पानभर धावते.

वर्तमानपत्राबद्दलही सांगते. तो कागद पिवळा पडणारच, कारण त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. मीडियमने झाकलं तरी पूर्ण थांबत नाही. पिवळेपणा नको असेल तर वर्तमानपत्राचीही झेरॉक्सच घ्या.

जुनी_चोपडी

हे चालेल. झेरॉक्सच्या मागे मूळ कागद कुणाचा, कुठल्या सालचा, हे पेन्सिलीने लिहून मग चिकटवा. वर नाही दिसलं तरी चालेल. आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्याची नोंद करा, ती मात्र दिसायला हवी.

मागावरचा_वडगाव

ताई, मला ह्यातलं चित्रकलेचं काही कळत नाही, पण भोकांचं कळतं. आमच्या वडगाव-शहापूरच्या मागांवर जकार्डची (नक्षी विणायच्या यंत्राची) कार्डं असायची. जाड पुठ्ठ्याची लांबट पट्टी, त्याला रांगेत भोकं, अशा पट्ट्या दोरीने एकीला एक बांधलेल्या. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो, भोक नसेल तिथे धागा खालीच. एक पट्टी म्हणजे बाण्याची (आडव्या धाग्याची) एक ओळ. आता बऱ्याच ठिकाणी काम संगणकावर गेलं, जुन्या कार्डांचे गठ्ठे माळ्यावर पडलेत. मुलीने त्यातली एक पट्टी घेऊन वहीवर रंग टिपला आणि साडीच्या काठाची एक ओळ पानावर उतरली. तुम्हाला दाखवावं वाटलं म्हणून लिहिलं.

शाईवाली_टिळकवाडी

दादा, यासाठी तर धागा काढला होता असं वाटतंय! खरंच किती सुंदर. एकच काळजी घ्यायला सांगा तिला. पुठ्ठा रंग पितो आणि फुगतो, भोकांच्या कडा मऊ पडतात. दोन्ही बाजूंनी क्लिअर वार्निशचे पातळ हात द्यावेत, भोकं सुईने मोकळी करून घ्यावीत, मग वर्षानुवर्षं टिकेल. आणि ओळींचा क्रम मोडू नका. बांधलेल्या क्रमाने एकाखाली एक पट्टी टिपत गेलं तर त्या नक्षीचा आराखडाच पानावर येईल. आधी एकदा कागदावर पेन्सिलीने सगळ्या पट्ट्या उतरवून ठेवा.

मागावरचा_वडगाव

क्रमाचे आकडे पट्टीवर आहेत. करून बघतो तिच्याबरोबर.

शाळेतली_निपाणी

मी शाळेत चित्रकला शिकवते. मुलांना आयात स्टेन्सिल आणि पेस्टचे डबे परवडत नाहीत. आम्ही काय वापरतो ते लिहिते, कुणाला उपयोग होईल.

स्टेन्सिलसाठी जुन्या एक्स-रेच्या फिल्म. पॉलिस्टरची, जाड, पाण्याने वाकत नाही, रंग धुतला जातो. त्यावरचा काळा थर काढायचा तर ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवतो, थर सुटतो आणि निळसर पारदर्शक पत्रा उरतो. हे काम मोठ्यांनी करायचं, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत. फिल्म स्वतःच्या घरातलीच घ्यावी आणि नाव-तारखेचा कोपरा आधी कापून टाकावा. कापायला काचेवर ठेवून कटर. वळणावर कटर फिरवायचा नाही, फिल्म फिरवायची. रांगोळीच्या दुकानातले प्लॅस्टिकचे छाप तर कुठल्याही बाजारात मिळतात आणि त्यांची ठिपक्यांची जाळी पेस्टला फार छान चालते.

पेस्टसाठी टाल्कम पावडर किंवा खडूची बारीक भुकटी, फेविकॉल आणि पांढरा ॲक्रिलिक. फेविकॉल नि रंग आधी कालवायचे, त्यात भुकटी थोडी थोडी. सुरीवर घेतली की ओघळू नये, इतपत घट्ट.

रंगभट्टी

भिंतीची पुट्टी का नाही? स्वस्त आहे, तयार मिळते.

शाळेतली_निपाणी

पांढऱ्या सिमेंटची पुट्टी वाळून कडक होते. पान उलटलं की तडकते आणि कपच्या पडतात. शिवाय ती अल्कलीयुक्त असते, कागदाला आणि काही रंगांना मानवत नाही. ॲक्रिलिक पुट्टी थोडी बरी, पण तिच्यातही फेविकॉल घालावंच लागतं. फळीवर किंवा कॅनव्हास बोर्डवर काम असेल तर पुट्टी घ्या. वहीत नको.

शाईवाली_टिळकवाडी

बाई, पुट्टीचं अगदी बरोबर. पेस्टबद्दल माझ्याकडून दोन-तीन गोष्टी.

स्टेन्सिल एका हाताने घट्ट धरा, पेस्ट सुरीने एकाच दिशेने ओढा आणि स्टेन्सिलच्या जाडीइतकीच राहू द्या. जाड हवी तर वाळल्यावर दुसरा थर. एकदम जाड लावली की वाळताना भेगा पडतात (भेगा हव्या असतील तर मुद्दाम लावा, तांबड्या मातीच्या पानावर त्या शोभतात). स्टेन्सिल सरळ वर उचला आणि ताबडतोब पाण्यात टाका. पेस्ट भोकांत वाळली तर बारीक नक्षी कायमची बुजते.

वहीच्या मधल्या शिवणीपासून बोटभर अंतर पेस्टशिवाय सोडा. तिथे पान दुमडतं, पेस्ट फुटणारच. जोडपान सलग दिसावं असं वाटत असेल तर शिवणीवरून फक्त रंग आणि कागद न्या, उठाव दोन्ही बाजूंना थांबवा. शक्य असेल तर जुडीच्या (एकत्र दुमडून शिवलेल्या कागदांच्या) मधलं पान निवडा, तिथे एकच कागद दोन्हीकडे असतो. आणि पानं जाड होत जातात तशी वही फुगते, म्हणून काम सुरू करायच्या आधीच मधली काही पानं शिवणीपासून बोटभर सोडून कापून टाका. उरलेल्या पट्ट्या पुढच्या जाडीला जागा देतात.

नवशिकी_अनगोळ

एक विचारू? मी स्टेन्सिल वापरला की तो चौकोनी शिक्का मारल्यासारखा दिसतो. तुमच्या पानात तसं होत नाही का?

शाईवाली_टिळकवाडी

@नवशिकी, छान प्रश्न. स्टेन्सिलची कड कधीच पानावर येऊ द्यायची नाही. नक्षीचा एखादा भागच घ्यायचा, कडेकडे स्पंज हलका करत विरवायचा आणि तो भाग पानाच्या कडेबाहेर जाऊ द्यायचा. मग एकच नक्षी पानावर तीन वेगळ्या तऱ्हांनी आणायची. एका ठिकाणी रंग पुसून, एका ठिकाणी पेस्टने उठवून, एका ठिकाणी भोकांच्या कडेने पेन फिरवून नुसती बाह्यरेषा. डोळा नक्षी ओळखतो, पण छाप म्हणून ओळखत नाही. मोठी नक्षी खालच्या थरात फिक्या रंगाने, बारीक नक्षी वरच्या थरात गडद. उलट केलं तर वरची मोठी नक्षी सगळं पान गिळते. रंग लागलेला ओला स्टेन्सिल धुण्याआधी दुसऱ्या पानावर उलटा दाबा, उलटा ठसा फुकट मिळतो.

कशिदा_धारवाडरोड

मोठ्या नक्षीवरून आठवलं. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचं (जैन मंदिराचं) छत कुणी स्टेन्सिलला घेतलंय का? १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली बस्ती. गाभाऱ्याबाहेरच्या मंडपात वर बघितलं की दगडाचं कमळ खाली लोंबतंय. खालच्या थरासाठी याहून चांगली मोठी नक्षी आपल्या गावात मला तरी दिसत नाही.

शाईवाली_टिळकवाडी

अजून नाही घेतलं, पण घ्यायलाच हवं. एका स्टेन्सिलात बसणार नाही ते. पाकळ्यांचे थर एकमेकांवर आहेत, कड वळलेली आहे, नुसती बाह्यरेषा कापली तर सूर्यफूल दिसेल. मी तीन पत्रे करेन. पहिला बाहेरच्या पाकळ्यांचा, दुसरा आतल्या, तिसरा नुसत्या सावल्यांचा. सावल्यांसाठी एकाच बाजूने उजेड येतोय असा फोटो लागेल, तेव्हा सकाळी जायला हवं. कोपऱ्यात जुळवणीची भोकं तुमच्या पद्धतीने.

कशिदा_धारवाडरोड

मी येते. आलेखाचा कागद मोठा आणा, पाकळ्या तिथेच मोजून घेऊ.

खानापूरचा_रानवाटा

माती मी पाठवतो, नंदगडची आणि जांबोटीची. निवळून, वाळवून, वेगवेगळ्या डब्यांत. डब्यावर गावाचं नाव घालतो. फक्त थोडं ऊन पडू दे, सध्या ताटातला गाळ वाळतच नाहीये.